बारा इंची पृथ्वीगोल : मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, ३२ सेंटीमीटर

पृथ्वीगोल लोक नातवंडांसाठी घेतात. मी तो बासष्टाव्या वर्षी स्वतःसाठी घेतला आणि गेले सहा महिने रोज हाताळते आहे. ठाण्यात जांभळी नाक्यापासून पाच मिनिटांवर शाळेच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे, तिथला. बारा इंची, लोखंडी स्टँड, १,४५० रुपये. घ्यावा का, असं विचाराल तर हो, जरूर घ्यावा. घेताना काय बघायचं ते पुढे सांगते. आधी मला तो का लागला, ते सांगते.

मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीचशी ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर. आमच्याकडे अंतर म्हणजे भाडं. समोरच्याने स्टेशनचं नाव घेतलं की किलोमीटर आपोआप डोक्यात यायचे. त्यातही कुठले किलोमीटर हे महत्त्वाचं. एकाच गावाला व्हाया वेगळा लागला की आकडा बदलतो. कोकण रेल्वेवर तर भाड्याचे किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के वाढवून धरतात, आणि तिकिटावर तेच छापून येतात. किती प्रवाशांना मी खिडकीतून हे समजावलं असेल!

माझी लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. नातू सात वर्षांचा आहे. दिवाळीला येऊन परत गेल्यावर एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "आजी, मी तुझ्यापासून किती किलोमीटर लांब आहे?" जन्मभर मी याच प्रश्नाची उत्तरं दिली, आणि या एका ठिकाणाचं उत्तर मला देता आलं नाही.

आमच्या हॉलमध्ये जगाचा मोठा नकाशा आहे. त्यावर मी पट्टी लावली. मुंबईपासून डावीकडे सरळ रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया, मग अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडून कॅलिफोर्नियाला पोचली. हा नकाशा मर्केटरचा. १५६९ साली मर्केटरने तो दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची दिशा एकच ठेवून जहाज चालवलं की ती वाट या नकाशावर सरळ रेघ होते. खलाशाला याचा फार उपयोग होता, पण अंतर मोजायला हा नकाशा फसवा. वर ध्रुवाकडे जावं तसतसा तो प्रदेश फुगवून दाखवतो. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट असूनही दोन्ही सारख्याच दिसतात. माझ्या त्या रेघेवरून खरोखर कोणी उडत गेलं तर सुमारे १९,००० किलोमीटर होतात.

ह्यांनी फोनवर कुठल्याशा साइटवर शोधलं. तिथे मोठ्या अक्षरात ८,४०० च्या आसपासचा आकडा होता आणि एकक कुठेच नव्हतं. ह्यांनी ते किलोमीटर समजून नातवाला सांगूनही टाकलं. ते मैल होते. विमानांच्या जगात तीन मापं चालतात : किलोमीटर, साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एकच अंतर एका मापात साडेतेरा हजार, दुसऱ्यात ८,४०० आणि तिसऱ्यात ७,३०० भरतं. एकक न लिहिता आकडा देणं हा मोठा दोष आहे, आणि तो मी फार ठिकाणी पाहिला.

आमच्या मजल्यावर भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात. त्या म्हणाल्या, "अहो, नकाशावर काय मोजताय? गोलावर दोरा लावा."

पहिला गोल ऑनलाइन मागवला तो पोचा आलेला निघाला. पॅसिफिकमध्ये अंगठा मावेल एवढा खड्डा! परत पाठवला आणि दुकान गाठलं. दुकानातल्या काकांनी पोटमाळ्यावरून तीन खोके उतरवून काउंटरवर मांडले. तिन्ही गोल फिरवून बघू दिले, घाई केली नाही. तिसरा मला पटला.

आता मोजण्याकडे येते. आधी दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळला आणि शिंप्याच्या टेपवर धरला. बरोबर ९५ सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे माझ्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे ४२१ किलोमीटर. घेर इतका गोळाबेरीज यावा याला कारण आहे. फ्रान्समध्ये मीटर ठरवला तेव्हा ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असंच मानलं होतं. म्हणून पाव घेर १०,००० किलोमीटर.

मग शिवणाच्या डब्यातला गोधडीचा दोरा घेतला. डाव्या अंगठ्याने एक टोक मुंबईवर दाबलं, उजव्याने दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा सैल होता तेव्हा चीन, जपान करत पॅसिफिकच्या निळ्या रंगावर पडला होता. मला वाटलं, हीच वाट असणार. मग हलकेच ओढला. ओढताच तो जपानवरून सुटला आणि वर सरकला. आणखी ओढला तसा चीनवरून सुटला, मंगोलिया ओलांडून पश्चिमेला आला. मी काहीच ठरवत नव्हते, फक्त ताण देत होते. शेवटी ताणून घट्ट बसला तेव्हा तो मुंबईतून जवळजवळ सरळ उत्तरेला, जरासा पूर्वेकडे कलून निघाला होता. पंजाब-हरियाणावरून लेहच्या अगदी जवळून, चीनच्या शिनजियांगमधून सैबेरियात, सैबेरिया संपल्यावर आर्क्टिक महासागरात, मग अलास्काच्या माथ्यावर उतरून कॅनडाच्या पश्चिम कडेने थेट खाली सॅन फ्रान्सिस्कोला. वाटेत तो ७६ अंश उत्तरेच्याही वर गेला होता. माझ्या नकाशावरच्या रेघेत सहारा होतं, दोऱ्यात बर्फ होतं.

दोरा टेपवर धरला. ३२ सेंटीमीटर. गुणिले ४२१, म्हणजे १३,४७२ किलोमीटर.

शाळेच्या पुस्तकात बृहद्वृत्त हा शब्द आहे, तो हाच. गोल ज्या वर्तुळावर कापला की बरोबर दोन अर्धगोल होतात, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त त्यातलंच एक, पण कोणत्याही दोन गावांतून असं एक वर्तुळ काढता येतं, आणि त्यावरून जाणारी वाट सर्वांत जवळची. रेल्वेत अंतर रुळावरून मोजतात. पारसिकचा बोगदा झाला, भोर घाट झाला, रूळ वळेल तसे किलोमीटर वळतात. हवेत रूळ नाहीत. तिथे अंतर कशावरून मोजायचं, हा माझा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ताणलेल्या दोऱ्याने दिलं.

खात्री करायला दोन गोष्टी केल्या. इमारतीतला अकरावीचा मुलगा कॅल्क्युलेटर घेऊन आला. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्याने साइन-कोसाइनचं सूत्र लावलं. पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन गावांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते त्यातून निघतं. कोन आला १२१.५ अंश. ३६० अंशांना ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका अंशाला साधारण १११.२. गुणाकार १३,५११. माझ्या दोऱ्यापेक्षा ३९ किलोमीटर जास्त, म्हणजे टेपवर एक मिलिमीटरसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर ही साइट. बाईंनीच सांगितली, आणि गोल घेणाऱ्याने ती जोडीला वापरावीच. दोन विमानतळांची तीन-तीन अक्षरं मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची, बीओएम आणि एसएफओ, की आकडा येतो आणि नकाशावर वाकलेली रेघ उमटते. एककही आपण निवडायचं. व्हाया टाकला की तुकड्यातुकड्याचं आणि एकूण अंतर मिळतं. खिडकीवर बसलेल्या माणसाला हे फार आवडतं. तिचा आकडाही साडेतेरा हजारांच्याच घरातला.

व्हायाचं सांगते, कारण गोलाचे पैसे मला तिथे खऱ्या अर्थाने वसूल झाले. लेकीला येताना दर वेळी वेगळ्या शहरात विमान बदलावं लागतं. दुबईमार्गे गेलं तर ४.५ आणि ३१, म्हणजे साडेपस्तीस सेंटीमीटर, सुमारे १५,००० किलोमीटर. लंडनमार्गे साडेसदतीस, म्हणजे १५,८०० च्या आसपास. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा लावताना तो उत्तर ध्रुवावर अडला. गोलाच्या कमानीचा खिळा जिथे आत जातो, तिथल्या चकतीला तो घासत होता. ही दोन शहरं रेखांशांनी जवळजवळ समोरासमोर, १७८ अंशांच्या फरकाने आहेत. म्हणून जवळची वाट ८८ अंश उत्तरेवरून, ध्रुवाला जेमतेम टाळून जाते. चकतीपाशी दोरा नखाने उचलून धरावा लागतो, एवढं करा.

सिंगापूरने तर मला चकित केलं. सिंगापूर मुंबईच्या पूर्वेला ३,९०० किलोमीटर आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायला तेवढं पुढे सरकलो, असंच कोणालाही वाटेल. दोरा लावला तर तिथून सॅन फ्रान्सिस्को पुन्हा ३२ सेंटीमीटर आणि वर थोडंसं. मुंबईहून जेवढं, जवळपास तेवढंच! सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे. उत्तरेकडून वळसा वाचवण्याचा जो फायदा मुंबईला मिळतो तो त्याला कमी मिळतो. सपाट नकाशासमोर मी आणखी दहा वर्षं उभी राहिले असते तरी हे मला कळलं नसतं.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवाकडच्या वाटेने बंगळुरूला आणलं होतं. ती बातमी मी तेव्हा कौतुकाने वाचली, पण ध्रुवावरून का, हे नीटसं समजलं नव्हतं. गोल घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती वाट लावून पाहिली. ३३ सेंटीमीटरांहून किंचित जास्त, १४,००० किलोमीटरला जेमतेम कमी. त्या बायका कुठून कुठे उडाल्या हे बोटाखाली आलं तेव्हा अंगावर काटा आला.

मात्र हा आकडा म्हणजे विमान प्रत्यक्षात उडालेलं अंतर नव्हे. दोऱ्याची वाट सर्वांत कमी लांबीची. प्रत्यक्षात वारा पाहतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ते पाठीशी घ्यायला वैमानिक लांबची वाट पत्करतात, आणि समोरून येत असतील तर टाळतात. शिवाय आकाश बंद असतं. २०२२ पासून कित्येक देशांच्या विमानांना रशियावरून उडता येत नाही, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरून. लेक विमानात बसली की मी फोनवर तिचं विमान बघते आणि गोलावर दोरा ठेवते. दोन्ही वाटा किती वेगळ्या झाल्या, ते पाहिलं की कुठे वळसा घेतला ते कळतं. विमान अचानक भलतीकडे वळलेलं दिसलं की पूर्वी माझ्या पोटात गोळा यायचा. आता येत नाही.

विमान उंचावरून जातं, मग अंतर वाढत नाही का, असं ह्यांनी विचारलं. अकरा किलोमीटर उंचीवर साडेतेरा हजारांच्या प्रवासात ते जेमतेम २३ किलोमीटरने वाढतं. या गोलाच्या मापाने ते विमान कागदापासून पाव मिलिमीटर वर उडतं. माझा गोधडीचा दोराच त्याहून जाड आहे. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे हेही खरं. विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवाकडून १२,७१४. पण तीस सेंटीमीटरच्या गोलावर हा फरक एका मिलिमीटरचा. म्हणून घरच्या मोजणीत तो सोडून दिला तरी चालतो. संगणकावर चांगल्या साइट तो धरतात.

आता गोलाचे दोष सांगते. वरचा आणि खालचा अर्धा विषुववृत्तावर जिथे जोडला आहे, तिथे दीड मिलिमीटरने जुळणी चुकली आहे. ऐकायला थोडं वाटतं, पण दीड मिलिमीटर म्हणजे ६० किलोमीटरांहून जास्त! सिंगापूर नेमकं त्या सांध्याला लागून आहे, त्यामुळे तिथलं माप मी साइटवर तपासूनच घेतलं. कागदाच्या उभ्या पट्ट्या ध्रुवापाशी थोड्या एकमेकींवर चढल्या आहेत. कमानीचा स्क्रू दोन महिन्यांत ढिला झाला. काकांनी पैसे न घेता आवळून दिला, पण त्यात नवा वॉशर घालावा लागला. नावं सगळी इंग्रजीत आणि बारीक. मराठी नावांचा गोल मागितला, तो त्यांच्याकडे आठ इंचीच होता. आठ इंचीवर एक सेंटीमीटर सव्वासहाशे किलोमीटरचा होतो, मापात चूक वाढते. अंतर मोजायचं असेल तर बारा इंचीच घ्या. दुकानात गोल हातात घेऊन विषुववृत्ताचा सांधा नखाने चाचपा, आणि एक रेखांश वरपासून खालपर्यंत सरळ जातो का ते पाहा. खोका न उघडता देणारा दुकानदार असेल तर घेऊ नका.

ठाणं या गोलावर नाही. मुंबईचा काळा ठिपका आहे, ठाणं त्याच्याच पोटात. १६ एप्रिल १८५३ ला आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तो ३४ किलोमीटरचा प्रवास इथे एक मिलिमीटरही भरत नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. एनएमआय त्याचं नाव, जुन्या विमानतळापासून हवेतून पंचवीस किलोमीटरांच्या आत. तोही त्याच ठिपक्यात. त्यामुळे लेक उद्या कुठल्याही विमानतळावर उतरली तरी माझ्या दोऱ्याला फरक पडणार नाही, फरक पडेल तो आम्हाला घ्यायला जाताना.

नातवाला आकडा सांगितला तेव्हा त्याने लगेच विचारलं, "म्हणजे मी आर्क्टिकवरून आलो होतो?" मी सांगितलं, "दोरा तिथून येतो राजा, तुझं विमान लंडनवरून आलं होतं." मग त्याला लंडनचा दोरा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. त्याने तिकडे स्वतःच्या फुटबॉलवर लोकर लावून बघितली.

स्क्रू आवळायला गेले होते तेव्हा दोरा पर्समध्येच होता. काकांचा धाकटा मुलगा मेलबर्नला शिकायला चाललाय. त्यांनी सहज विचारलं, "ताई, तिकडचं सांगता येईल का?" काउंटरवरच्या वह्या बाजूला सारल्या, गोल मध्ये घेतला. मुंबईचं टोक मी धरलं, मेलबर्नचं त्यांना धरायला सांगितलं. दोरा दक्षिण भारतावरून हिंदी महासागरात शिरला, सुमात्राच्या बाजूने ऑस्ट्रेलिया तिरपी कापत गेला. गिऱ्हाईक उभं होतं, तेही वाकून बघायला लागलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून टेप स्वतः वाचली. २३ सेंटीमीटर आणि वर तीन रेघा. बिलाच्या वहीच्या मागे त्यांनी गुणाकार मांडला, ९,८०० आला, आणि ते पान फाडून घडी घालून खिशात ठेवलं.